गावाची पाणी योजना कोणाबरोबर चालवावी? स्वतंत्र योजना, प्रादेशिक योजना आणि ठेका यांचा तुलनात्मक आढावा

प्रत्येक ग्रामीण घराला नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवून १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, आणि त्यानंतर महाराष्ट्रातील असंख्य गावांत नवी विहीर, नवी टाकी किंवा निदान नवी जलवाहिनी आली. काम पूर्ण होऊन हस्तांतरणाचा कागद ग्रामपंचायतीपुढे येतो, तेव्हा मात्र योजना यापुढे कोणी चालवायची, कोणाच्या मदतीने चालवायची आणि पंप जळाला तर त्याच दिवशी कोणाला बोलवायचे, याचा विचार अनेकदा झालेलाच नसतो. हा आढावा त्या टप्प्यावर उभे असलेल्या सरपंचांसाठी, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सदस्यांसाठी आणि ग्रामसभेत ठरावाला हात वर करण्यापूर्वी दोन्ही बाजू समजून घेऊ इच्छिणाऱ्या गावकऱ्यांसाठी आहे.

गावापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली, गावाचा स्वतःचा उद्भव (पाण्याचा स्रोत, म्हणजे विहीर किंवा बोअर) आणि स्वतःची समिती असलेली स्वतंत्र योजना, जिला जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग तांत्रिक आधार देतो आणि एखादी स्वयंसेवी संस्था सहाय्य संस्था म्हणून सोबत असते. दुसरी, धरणावरून किंवा नदीवरून अनेक गावांना पाणी देणारी प्रादेशिक योजना, जी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण किंवा जिल्हा परिषद चालवते आणि जिच्यात गाव ग्राहक म्हणून सामील होते. तिसरी, योजना गावाचीच, पण दैनंदिन कामकाज ठेकेदाराकडे. या तिन्ही वाटांवर शासन, ग्रामपंचायत, संस्था, महावितरण आणि नळाखाली हंडा लावणारी बाई हे घटक असतातच. चूक झाली तर निस्तरायची कोणी, एवढेच प्रत्येक वाटेवर बदलते. माझ्या मते निवड याच एका मुद्द्यावर व्हायला हवी.

आधी उद्भव पाहावा

व्यवस्थापनाची चर्चा उद्भवाच्या चर्चेआधी सुरू करणे व्यर्थ आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्ट खडकाचा आहे आणि या खडकात पाणी भेगांमध्ये व झिजलेल्या थरांमध्येच साठते. त्यामुळे दिवाळीत काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवू शकते, आणि तिच्या शेजारच्या शिवारातील विहीर त्याच वेळी व्यवस्थित चालू असू शकते. म्हणून उद्भवाची क्षमता चाचणी मे महिन्यात घ्यावी. ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या चाचणीवर अंदाजपत्रक उभे राहिले, तर टाकी, जलवाहिनी आणि नळ सगळे असूनही उन्हाळ्यात गावात टँकर येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अधिकाऱ्याला चाचणीच्या वेळी प्रत्यक्ष विहिरीवर बोलवावे आणि पाण्याची पातळी किती खाली गेली व पंप बंद केल्यावर किती तासांत पूर्ववत झाली, याची नोंद समितीच्या वहीत घ्यावी.

पाणी पुरेसे असले तरी ते पिण्याजोगे असेलच असे नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे आणि तेथील भूजल मुळातच खारट आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा प्रश्न आहे. भारतीय मानकानुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि पर्यायी स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिथे सूट नाही. ज्या गावाच्या विहिरीत हे दोष आहेत, त्या गावाने स्वतंत्र योजनेचा आग्रह धरला तर समिती कितीही कर्तबगार असली तरी पाणी सुरक्षित होणार नाही.

स्वतंत्र योजना: अधिकार गावाचा, घामही गावाचा

लोकसहभागाचा विचार नवा नाही. १९९९ मधील क्षेत्र सुधारणा कार्यक्रम, २००२ मधील स्वजलधारा आणि जागतिक बँकेच्या सहाय्याने २००३ ते २००९ या काळात राबवलेला जलस्वराज्य प्रकल्प या सर्वांचा पाया हाच होता की गावाने लोकवर्गणी भरावी, योजना आखावी आणि चालवावी. जलजीवन मिशननेही गावांतर्गत कामांच्या खर्चाच्या १० टक्के, आणि डोंगराळ, वनक्षेत्रातील किंवा अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेल्या गावांसाठी ५ टक्के लोकवर्गणी ठेवली. समितीत निम्म्या महिला असाव्यात, असेही सांगितले आहे. ही अट अनेक ठिकाणी नावापुरती पाळली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण कोणत्या गल्लीत पाणी सर्वांत शेवटी पोहोचते आणि किती वाजता थांबते, हे तिथल्या महिलेला अभियंत्यापेक्षा नेमके ठाऊक असते.

या वाटेचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे दुरुस्तीचा वेग. फुटलेली जलवाहिनी गावातलाच पंपचालक दुपारपर्यंत जोडतो. त्याला वरच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पण ही मोकळीक फुकट मिळत नाही. दोन हजार लोकसंख्येच्या, सुमारे चारशे घरांच्या गावाचा हिशोब करून पाहू. दरडोई ५५ लिटर म्हणजे दिवसाला १ लाख १० हजार लिटर पाणी. विहिरीच्या तळापासून टाकीपर्यंत, वाहिनीतील घर्षण धरून, ते ५० मीटर चढवायचे असेल आणि पंपसंचाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर रोज सुमारे ३० आणि महिन्याला ९०० युनिट वीज लागेल. हजार लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणाने टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग) पावडर दिवसाला अर्ध्या किलोहून थोडी अधिक, महिन्याला साडेसोळा किलो लागेल. त्यात पंपचालकाचे मानधन, व्हॉल्व्ह व पॅकिंग आणि काही वर्षांनी पंप बदलण्यासाठी बाजूला काढायची रक्कम मिळवावी, स्वतःच्या वीज देयकावरील दर घालावा आणि येणाऱ्या आकड्याला चारशेने भागावे. जी रक्कम येईल ती खरी पाणीपट्टी. निवडणुकीच्या तोंडावर त्याहून कमी पट्टी ठरवणारी ग्रामपंचायत पुढच्या उन्हाळ्यातली वीजजोडणी तोडण्याची नोटीस आजच लिहीत असते.

दुसरी अट उद्भवाच्या रक्षणाची आहे. सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्याने बंधन घातले. तरीही शेजारच्या शेतात बोअर पडते आणि समितीतील कोणी बोलत नाही, कारण शेत भावकीतले असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके टाळली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची पद्धत बसवली. पिण्याच्या पाण्याची शाश्वती तिथे शिवारातील निर्णयांतून आली. आपले गाव शेतीच्या पाण्यावर असा एकही कठोर ठराव करू शकत नसेल, तर स्वतंत्र योजनेचा निर्णय घेण्यापूर्वी त्याने थांबून विचार करावा.

सहाय्य संस्थेबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. चांगली संस्था समितीला हिशोब ठेवायला शिकवते, वाड्यावस्त्यांवरील लोकांना सभेत आणते आणि मतभेदाच्या वेळी मध्यस्थी करते. मात्र तिचा करार संपतो आणि ती जाते. म्हणून संस्था निवडताना तिने पूर्वी काम केलेल्या एखाद्या गावी, काम संपून दोन-तीन वर्षे झाल्यानंतर, जाऊन यावे आणि तिथली पाणीपट्टीची वही पाहावी.

प्रादेशिक योजना: खात्रीचा उद्भव, लांबचा निर्णय

खारपाणपट्ट्यात प्रादेशिक योजनेला पर्यायच नाही. अकोला जिल्ह्यात वान धरणाच्या पाण्यावर चालणारी योजना ‘८४ खेडी’ या नावानेच ओळखली जाते, आणि अशा योजनांनी खारट पाणी पिणाऱ्या पिढ्यांची सुटका केली आहे, हे निःसंकोच मान्य करावे. धरणाचा साठा मोठा, जलशुद्धीकरण केंद्र एकाच जागी, प्रशिक्षित कर्मचारी आणि प्रयोगशाळा हाताशी, ही या वाटेची बलस्थाने आहेत.

उणिवा लांबीत आहेत. मुख्य वाहिनी जितकी लांब तितक्या तिच्यावर गळत्या अधिक, एअर व्हॉल्व्हमधून (वाहिनीतील हवा सोडणाऱ्या झडपेतून) भरले जाणारे टँकर अधिक आणि शेवटच्या गावाला मिळणारा दाब कमी. टोकाच्या गावात आठ-दहा दिवसांआड पाणी येऊ लागले की लोक पुन्हा जुन्या बोअरकडे वळतात, पाणीपट्टी भरेनासे होतात, थकबाकी वाढते आणि वीजपुरवठा खंडित झाला की नियमित पैसे भरणाऱ्या गावांचेही नळ कोरडे पडतात. एका गावाच्या थकबाकीची शिक्षा दुसऱ्याला होणे, हा या व्यवस्थेतील सर्वांत अन्यायकारक भाग आहे.

त्यावर उपाय आहेत, पण ते सामील होण्यापूर्वीच मागावे लागतात. गावाच्या वेशीवर घाऊक जलमापक बसवावा आणि आकारणी त्यावरील नोंदीनुसारच व्हावी. आठवड्यातून किती दिवस आणि किती लिटर पाणी टाकीत पडेल, हे करारात लिहून घ्यावे. लाभार्थी गावांच्या प्रतिनिधींची शिखर समिती केवळ कागदावर न राहता तिच्यापुढे दर तिमाहीला गावनिहाय पाणी आणि गावनिहाय वसुली मांडली जावी. या तीन गोष्टी नाकारल्या गेल्या, तर स्थानिक उद्भव चांगला असलेल्या गावाने केवळ ‘धरणाचे पाणी’ या आकर्षणापोटी सामील होऊ नये.

ठेका कुठे चालतो

ठेकेदाराकडे पंप, विद्युत पॅनेल आणि मोठ्या दुरुस्त्यांचे वार्षिक काम देणे रास्त आहे. लहान गावाला कुशल तंत्रज्ञ पूर्णवेळ ठेवणे परवडत नाही. मात्र पाणीपट्टीची वसुली आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठेक्यात देऊ नये, कारण त्यानंतर ग्रामसभेला जाब विचारायला समोर कोणी उरत नाही. आरओ केंद्राचा (मेम्ब्रेन म्हणजे सूक्ष्म पडद्यातून पाणी दाबाने गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राचा) प्रस्ताव येतो तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात: शुद्धीकरणात वाया जाणारे क्षारयुक्त पाणी कुठे सोडणार, आणि मेम्ब्रेन बदलण्याचा खर्च कोणाचा. वीस लिटरच्या जारसाठी रोज पैसे मोजणे ज्या घराला जमत नाही, ते घर जुनेच पाणी पीत राहते, हेही विसरू नये.

रोजची कसोटी: टीसीएल

कोणतीही वाट निवडली तरी पाण्याची सुरक्षितता एका साध्या कृतीवर येऊन ठेपते. टीसीएलमध्ये ताजी असताना सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पोते उघडे राहिले किंवा ओलाव्यात पडले तर हे प्रमाण झपाट्याने उतरते. जलसुरक्षकाने (गावात पाणी शुद्धीकरणाचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने) पावडर बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरची निवळी टाकीत टाकावी आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडावे. त्यानंतर तपासणी टाकीपाशी न करता शेवटच्या नळावर करावी: ओटी (क्लोरीन तपासण्याचे ऑर्थोटोलिडीन) द्रावण टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन पोहोचला आहे आणि लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असायला हवा. स्वतंत्र योजनेत ही जबाबदारी निर्विवाद गावाची असते. प्रादेशिक योजनेत केंद्रावर क्लोरीन टाकलेला असतो, म्हणून गाव निर्धास्त राहते, आणि लांबच्या प्रवासात तो संपलेला असतो. त्यामुळे तिथेही गावच्या टाकीवर पुन्हा क्लोरीन देण्याची सोय हवी. प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद जलजीवन मिशनमध्ये आहे. त्यांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्या जाव्यात, हा आग्रह समितीने धरावा.

स्वच्छता कोणाच्या वाट्याला येते

आपल्या उदाहरणातील गावात रोज येणाऱ्या १ लाख १० हजार लिटरपैकी सुमारे ८० टक्के, म्हणजे ८८ हजार लिटर पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. प्रादेशिक योजनेच्या करारात त्याचा उल्लेख नसतो आणि ठेकेदारालाही त्याच्याशी देणेघेणे नसते. येथे स्वतंत्र योजना चालवणाऱ्या समितीची बाजू उजवी ठरते, कारण तिच्या नावातच पाणी आणि स्वच्छता एकत्र आहेत आणि शोषखड्ड्यासाठी घरोघरी जाणारी माणसे तीच असतात. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारे नाहीशी केली, तो अनुभव गावांनी जाऊन पाहावा असा आहे.

शौचालयांबाबत दोन शोषखड्ड्यांची रचना सेप्टिक टँकपेक्षा मी निःशंकपणे श्रेयस्कर मानतो: एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवावा आणि पहिल्यातील मैल्याचे खत होऊ द्यावे, म्हणजे उपसायला कोणा माणसाला उतरावे लागत नाही. मात्र भेगाळ खडकात हे खड्डे उद्भव विहिरीच्या जवळ असतील तर दूषित पाणी सरळ विहिरीत उतरू शकते. जागा ठरवण्यापूर्वी भूजल यंत्रणेचा सल्ला घ्यावा. ओडिशातील ग्रामविकास या संस्थेने गावातील प्रत्येक कुटुंब सामील झाल्याशिवाय काम सुरू न करण्याची आणि शौचालये व न्हाणीघरे बांधून झाल्यावरच पाणी सोडण्याची अट ठेवली. ही अट कठोर वाटते, पण एका घराची उघडी घाण सर्वांच्या पाण्यात येते, हे तिने ओळखले आहे.

मग निवड कशी करावी

मे महिन्यातील चाचणीत पुरेसे पाणी, रासायनिक तपासणी निर्दोष आणि खरी पाणीपट्टी ग्रामसभेत मंजूर, अशी स्थिती असेल तर गावाने स्वतंत्र योजनाच घ्यावी आणि यंत्रदुरुस्तीपुरता वार्षिक ठेका द्यावा. पाणी खारट किंवा फ्लोराइडयुक्त असेल तर प्रादेशिक योजनेत जावे, पण जलमापक व लेखी वेळापत्रकाच्या अटीवर. बहुसंख्य गावे या दोहोंच्या मध्ये असतात: आठ-नऊ महिने विहीर साथ देते आणि उन्हाळ्यात हात आखडते. अशा गावांनी आपली विहीर चालू ठेवून प्रादेशिक वाहिनीवर केवळ टंचाईच्या महिन्यांसाठी जोडणी मागावी. यंत्रणांना असा मिश्र करार गैरसोयीचा वाटतो आणि पहिल्या भेटीत नकार मिळण्याची शक्यता आहे. म्हणून मागणी ग्रामसभेच्या ठरावासह, मागील टंचाई काळातील टँकरच्या नोंदी जोडून, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता. दुसऱ्या जोडणीचा खर्च अशा बंधित निधीत बसवता येईल का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसह (पूर्वीचे ग्रामसेवक) आराखडा तयार करतानाच तपासून घ्यावे; आराखडा मंजूर झाल्यानंतर बदल करून घेणे फार जिकिरीचे जाते.