जेपी मिळाली, पण वर्ग काही मिळाला नाही

न्यू जर्सीत एडिसनला घर बघताना एजंट किचन दाखवत होता आणि बायको एकच विचारत होती, ‘जेपी मिळेल ना?’ मिळाली. जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल; इथे घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते. सरकारी, फी शून्य; घरपट्टीचं बिल बघितलं की फी कुठून जाते ते कळतं.

गावात १९५६ पासून एडिसन हायस्कूल होतंच. उपनगर फुगलं तशी १९६४ला ही दुसरी निघाली. आता नववी ते बारावी मिळून दोन हजारांहून जास्त पोरं, त्यात आपली भरपूर.

इथे ‘दहावी ब’ असं काही नसतं. दर तासाला पोरंच खोल्या बदलतात. शाळा पालकांना बोलावते त्या संध्याकाळी आपणही तसंच फिरायचं. लेकीचं वेळापत्रक हातात असूनही मी तिसऱ्या तासाला भलत्याच गणितात जाऊन बसलो. फळ्यावरचं सगळं कळत होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती!

चढाओढ फार, हे खरं. पण ती आपणच घरून डब्यात भरून पाठवतो. गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडायच्या आत शेजारच्या काकू एपीचं, म्हणजे शाळेतच घ्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचं, विचारतात, ‘एपी किती घेतलेत हो?’