क्रिएटिनीन आणि कमरेचा घेर: एका प्रत्यारोपणोत्तर तपासणी विभागाविषयी

माझ्या थोरल्या बंधूंचे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन अडीच वर्षे झाली. मूत्रपिंड वहिनींनी दिले. पुण्यातील ज्या खासगी रुग्णालयात त्यांची नियमित तपासणी होते, तेथील प्रत्यारोपणोत्तर विभागाविषयीचा हा अभिप्राय आहे. यात तक्रारीही असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीपासूनच बंधूंना उच्च रक्तदाब होता, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, वाढलेले होते आणि पोट सुटलेले होते. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. प्रत्यारोपणानंतर डायलिसिसची पथ्ये सुटली, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे भूक वाढली आणि सहा महिन्यांत नऊ किलो वजन चढले. येणारेजाणारे मात्र ‘आता छान अंग धरलं’ असे कौतुक करत होते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते ऐकून बरे वाटत होते.

या विभागात पहिल्याच भेटीत परिचारिकेने रक्तदाबाआधी टेप काढून कमरेचा घेर मोजला. तो १०४ सेंटिमीटर भरला. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० ची. क्रिएटिनीन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) १.३ असताना कमरेची चौकशी कशाला, असे आम्ही विचारले, तेव्हा डॉक्टरांनी घाई न करता समजावले की, वजनदार शरीराचा सगळा भार एकाच मूत्रपिंडावर पडला की त्यातील प्रत्येक गाळणीला जास्त रक्त गाळावे लागते, त्यात रक्तदाब आणि साखर यांची भर पडली की गाळण्या हळूहळू निकामी होतात, आणि क्रिएटिनीन वर जाण्यापूर्वीच लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन जाऊ लागते. म्हणून येथे लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन यांचे गुणोत्तरही नियमित पाहतात. गेल्या वर्षी क्रिएटिनीन जागच्या जागी असताना हे गुणोत्तर वाढलेले आढळले आणि रक्तदाबाचे औषध वेळीच बदलले गेले. पूर्वी आम्ही जेथे जात होतो तेथे केवळ क्रिएटिनीन पाहून ‘उत्तम’ म्हणत.

साखरेच्या बाबतीतही हीच बारकाई दिसली. बंधूंची उपाशीपोटीची साखर ९६ येई आणि आम्ही निश्चिंत असू. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडचा परिणाम दुपारनंतर दिसतो, हे सांगून त्यांनी आठवडाभर जेवणानंतर दोन तासांनी घरीच साखर मोजायला लावली. ती २१२ पर्यंत गेली. टॅक्रोलिमसमुळेही इन्सुलिन कमी स्रवते, परंतु शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनच हे औषध दिलेले असते, ते मनाने कमी करायचे नाही, हेही त्यांनी वहिनींना दोनदा बजावले.

आता उणिवा. रक्त घेण्याच्या खिडकीवरची मंडळी विभागाच्या तोडीची नाहीत. टॅक्रोलिमसची पातळी आदल्या रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वी तपासायची असते. एकदा कोणी विचारलेच नाही, बंधू गोळी घेऊन आले होते आणि पातळी भलतीच जास्त निघाली. डॉक्टरांनी वेळ विचारली म्हणून डोस चुकीने कमी झाला नाही, पण तपासणीचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले. आहारतज्ज्ञ आठवड्यातून एकच दिवस असतात आणि त्यांनी दिलेला छापील तक्ता चक्क डायलिसिसच्या रुग्णांचा होता. त्यात डाळी आणि फळे यांवर सरसकट बंदी, मात्र पोळ्या किती, साबुदाण्याच्या खिचडीचे काय, याविषयी अक्षरही नाही. पपनसासारख्या फळांनी टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते, हे आम्हाला तक्त्यातून नव्हे, परिचारिकेकडून कळले.

प्रतीक्षा दोन-अडीच तासांची असते. तरीही, येथे येऊ लागल्यापासून घेर ९७ वर आला आहे आणि क्रिएटिनीन १.३ वरच आहे, त्यामुळे आम्ही येथेच जात राहणार. नव्याने जाणाऱ्यांनी सकाळची गोळी आणि न्याहारीचा डबा सोबत न्यावा, खिडकीवर शेवटच्या गोळीची वेळ आपणहून लिहवून घ्यावी आणि रक्त दिल्याबरोबर गोळी घ्यावी.