सराफ बाजारातले भिंग आणि माळावरचा भुंगेरा

नाशिकच्या सराफ बाजारात घड्याळजींची हत्यारे विकणाऱ्या एका छोट्या दुकानातून मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घडीचे भिंग घेतले. सराफ ज्याने खडे पारखतात तेच हे भिंग. मला मात्र ते चामर लेण्यांच्या बाजूच्या माळावरचे भुंगेरे ओळखण्यासाठी हवे होते.

त्याच्या आवरणावर ‘30 पट’ असे कोरलेले आहे, त्यावर विश्वास ठेवू नये. समोरच्या इमारतीची प्रतिमा भिंगातून कागदावर पाडून भिंग आणि कागद यांतले अंतर मोजले तेव्हा ते साधारण 25 मिलिमीटर भरले. नुसत्या डोळ्याला स्पष्ट दिसण्याचे जवळचे अंतर 250 मिलिमीटर धरतात; त्या 250 ला 25 ने भागले की 10 येतात, म्हणजे भिंग दहापटीचेच आहे. ही थाप सोडल्यास काचेबद्दल तक्रार नाही. कडेला प्रतिमा किंचित धूसर होते, एवढेच.

कोरड्या माळावरचा सहा ठिपक्यांचा भू-भुंगेरा, म्हणजे अँथिया सेक्सगटाटा, सुमारे चार सेंटीमीटर लांबीचा असून त्याच्या छातीच्या ढालीवर दोन आणि पाठीच्या कवचांवर चार पांढरट ठिपके असतात, त्यामुळे तो लांबूनही ओळखू येईल असे मला वाटत असे. प्रत्यक्षात सात ठिपक्यांचे रानझुरळ त्याचेच सोंग घेऊन फिरते. भिंगातून मात्र सोंग टिकत नाही: भुंगेऱ्याची कवचे पाठीच्या मध्यावर सरळ रेषेत जुळलेली दिसतात, तर झुरळाचे पंख एकमेकांवर चढलेले असतात. बिनठिपक्यांच्या काळ्या किड्यांत भिंगाची खरी कसोटी लागते. भू-भुंगेऱ्याच्या सहाही पायांच्या टोकाशी पाच-पाच खंड असतात. माळावरच त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कुळातील काळ्या भुंगेऱ्यांच्या मागच्या पायांना चारच. मेलेल्या किड्यावर हे खंड मला स्वच्छ मोजता आले.

जिवंत भुंगेऱ्याच्या बाबतीत मात्र दहापटीचे भिंग अडचणीचे ठरते, कारण किडा अडीच सेंटीमीटरवर, म्हणजे जवळजवळ डोळ्याशी आणावा लागतो आणि हा प्राणी छेडल्यास फॉर्मिक आम्लाची चिळकांडी सोडतो. म्हणून तो आधी सपाट बाजूंच्या पारदर्शक डबीत घ्यावा. गोल बाटलीतून पाय वेडेवाकडे दिसतात. मुख्यतः जिवंत किडेच पाहायचे असतील तर याच दुकानातले पाचपटीचे भिंग घ्यावे, त्याने अंतर दुप्पट मिळते.