कन्सोलचं ऑनलाइन सबस्क्रिप्शन: वर्षाचं, महिन्याचं, की घेऊच नये?

दिवाळीत भाच्यासाठी पीएस ५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ हा खेळांचा कन्सोल) आला आणि चौथ्या दिवशी बहिणीचा फोन. "अरे, कन्सोल घेतला, खेळाची डिस्क घेतली, वायफायचे पैसे दर महिन्याला जातातच. मग मित्राबरोबर खेळायचं म्हटलं की हे आणखी पैसे कशाचे मागतात?"

तिचा प्रश्न रास्त होता. कन्सोल घेताना सगळं लक्ष त्याच्या किमतीवर असतं. हा मागून येणारा खर्च तेव्हा कोणी मोजत नाही. त्या दिवशी तिला फोनवर जे सांगितलं आणि नंतर कागदावर जो हिशोब मांडून दिला, तोच इथे देतो आहे.

पैसे कशाचे, ते आधी पाहू. हाच खेळ कॉम्प्युटरवर घेतला तर ऑनलाइन खेळायला वेगळी फी नसते. बऱ्याच मोठ्या खेळांचे सर्व्हर खेळ काढणारी कंपनीच चालवते, कन्सोलची कंपनी नव्हे. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये आपल्या एक्सबॉक्स कन्सोलसाठी एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा सुरू केली तेव्हापासूनच तिचे पैसे लावले. सोनीने पीएस ३ वर ऑनलाइन खेळणं फुकट ठेवलं होतं, पण २०१३ मध्ये पीएस ४ आला आणि तिथेही प्लेस्टेशन प्लस हे सबस्क्रिप्शन घेणं भाग पडलं. सप्टेंबर २०१८ पासून निंटेंडोही त्याच वाटेने गेली. थोडक्यात, ही कन्सोलच्या दारावरची प्रवेश फी आहे. ती भरली म्हणून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) कमी होत नाही, लॅग (खेळ अडखळणं) जात नाही. लॅग घालवायचा असेल तर राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅनची केबल ओढा. ती एकदाच विकत घ्यावी लागते.

आधी खेळ कोणता ते बघा

पाकिटाला हात लावण्याआधी मुलगा नक्की काय खेळतो ते विचारा. फोर्टनाइट, रॉकेट लीग, वॉरझोन, एपेक्स लिजेंड्स, रोब्लॉक्स, ईफुटबॉल हे खेळ मुळातच फुकट आहेत, आणि प्लेस्टेशनवर ते ऑनलाइन खेळायला प्लस लागत नाही. एक्सबॉक्सवर पूर्वी लागायचं, एप्रिल २०२१ पासून तिथेही ही अट गेली. तुमच्या घरात फक्त हेच खेळ चालत असतील तर तुम्हाला काहीच घ्यायचं नाही.

विकत घेतलेले खेळ ऑनलाइन खेळायचे तर मात्र सबस्क्रिप्शन लागतं. ईए स्पोर्ट्स एफसी (फुटबॉलचा खेळ), जीटीए ऑनलाइन, माइनक्राफ्ट, क्रिकेट २४, कॉल ऑफ ड्युटीचा विकतचा भाग हे सगळे त्यात आले. एकट्याने खेळायची कथा, करिअर मोड, किंवा एकाच टीव्हीसमोर दोन कंट्रोलर घेऊन भावंडांची मॅच यांना काहीही लागत नाही. भाच्याचं तेच निघालं. सोमवार ते शुक्रवार रॉकेट लीग, आणि शनिवार-रविवारी शाळेतल्या मित्रांबरोबर एफसी. म्हणजे पैसे फक्त त्या दोन संध्याकाळींचे.

प्लेस्टेशन: वर्षाचं पॅक स्वस्त वाटतं, पण आकडे मांडून बघा

प्लसचे आपल्याकडे तीन प्रकार आहेत. इसेन्शियलमध्ये ऑनलाइन खेळणं, क्लाउडवर (म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर) खेळातल्या प्रगतीचे सेव्ह आणि दर महिन्याला दोन-तीन खेळ मिळतात. एक्स्ट्रामध्ये त्यावर काहीशे खेळांचा कॅटलॉग. डिलक्समध्ये जुन्या पिढ्यांचे खेळ आणि नव्यांच्या काही तासांच्या चाचण्या. २०२२ मध्ये ही रचना झाली तेव्हा जिथे क्लाउडवरून खेळण्याची सोय होती तिथे प्रीमियम आलं आणि आपल्याला डिलक्स. डिलक्सबद्दल माझं मत साफ आहे: पीएस १ आणि पीएस २ च्या खेळांवर मनापासून जीव असेल तरच घ्या.

आता इसेन्शियलचा हिशोब. सप्टेंबर २०२३ मध्ये सोनीने फक्त वार्षिक पॅकचे दर वाढवले. आपल्याकडे २,९९९ चं पॅक ३,९४९ रुपये झालं. महिन्याचे ४९९ आणि तीन महिन्यांचे १,१९९ तेव्हा तसेच राहिले. (पैसे भरण्याआधी स्टोअरवर चालू दर बघा, हिशोबाची रीत मात्र हीच राहील.) या दरांनी तीन महिन्यांची तीन पॅकं घेतली तर ३,५९७ रुपये होतात, म्हणजे वर्षाच्या पॅकपेक्षा ३५२ रुपयांनी कमी. तुम्ही वर्षातले नऊ महिने किंवा त्याहून कमी खेळत असाल तर पूर्ण दराचं वार्षिक पॅक घेण्यात तोटाच आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलाचं वर्ष डोळ्यासमोर आणा. सहामाही, वार्षिक, मधल्या चाचण्या, क्लास. खरं खेळणं दिवाळीच्या सुट्टीत आणि एप्रिल संपल्यापासून जूनपर्यंत. दिवाळीला एक महिना आणि उन्हाळ्याला तीन महिने धरले तर याच दरांनी १,६९८ रुपये होतात. वार्षिकच्या निम्म्याहूनही कमी.

नोकरी करणारे चार मित्र वर्षभर दर शुक्रवारी रात्री एफसीला भेटत असतील तर गोष्ट वेगळी. त्यांनी वार्षिकच घ्यावं, पण सूट लागल्यावर. नोव्हेंबरातला ब्लॅक फ्रायडे आणि मे-जूनच्या सुमारास येणारा सोनीचा डेज ऑफ प्ले हा सेल या दोन वेळा लक्षात ठेवा. २० टक्के जरी सुटले तरी ३,९४९ चे ३,१५९ होतात, आणि मग तीन पॅकांपेक्षा वर्षाचं पॅक खरंच स्वस्त पडतं.

घरात एकाच पीएस ५ वर दोघं भावंडं खेळत असतील तर दोन प्लस घेऊ नका. सेटिंग्जमध्ये कन्सोल शेअरिंग चालू ठेवा. एकाच्या खात्यावर प्लस असलं की त्या कन्सोलवरची बाकीची खातीही ऑनलाइन खेळू शकतात. ही गोष्ट माहीत नसल्याने दुप्पट पैसे भरणारी घरं मी पाहिली आहेत.

महिन्याला मिळणाऱ्या खेळांचं मोल लोक एकतर फार करतात किंवा अजिबात करत नाहीत. मे २०२४ मध्ये एफसी २४ असाच मिळाला, जो सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्ण किमतीला विकला जात होता. ज्यांनी थांबायची तयारी ठेवली त्यांचं वर्षाचं पॅक त्या एका खेळात बरंचसं वसूल झालं. पण सगळे महिने असे नसतात. आणि हे खेळ तुमचे होत नाहीत. प्लस संपलं की त्यांना कुलूप लागतं, पुन्हा घेतलं की उघडतं. मधल्या ज्या महिन्यांत प्लस नव्हतं त्या महिन्यांचे खेळ हुकले ते हुकलेच. तुटक-तुटक घेण्याचा हा खरा तोटा आहे, आणि तो धरूनच वरचा हिशोब करायला हवा.

सेव्हची गोष्ट

मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे. एक्सबॉक्सवर तुमचे सेव्ह क्लाउडवर फुकट जातात, सबस्क्रिप्शन असो वा नसो. प्लेस्टेशनवर आणि निंटेंडोवर त्यासाठी पैसे लागतात. त्यात पीएस ५ च्या खेळांचे सेव्ह पेन ड्राइव्हवर सुटे काढून घेता येत नाहीत, फार तर सगळ्या कन्सोलचा बॅकअप एकदम घ्यावा लागतो. पहिल्या पावसात दहा मिनिटांत चार वेळा वीज जाते अशा गावात राहणाऱ्याला हे नीट कळेल. माझ्या ओळखीच्या एका मुलाची ऐंशी तासांची प्रगती कन्सोल बिघडल्यावर गेली. तो गप्प बसून राहिला होता, आणि "नुसता खेळच तर आहे" असं त्याला म्हणायला माझं मन धजलं नाही. लांबलचक खेळ खेळणाऱ्याने तेवढे महिने तरी इसेन्शियल ठेवावं, नाहीतर महिन्याला एकदा हार्ड डिस्कवर पूर्ण बॅकअप घ्यावा.

एक्स्ट्रा घ्यावं की डिस्क?

याचं उत्तर तुमच्या कन्सोलला डिस्कची फट आहे की नाही यावर ठरतं, आणि तुलना करणारे नेमकं हेच विसरतात.

सोनीचा नवा मोठा खेळ आपल्याकडे ४,९९९ रुपयांना येतो. एक्स्ट्राचं वर्ष सप्टेंबर २०२३ च्या दराने ६,६९९ रुपयांना, म्हणजे एका नव्या खेळाला आणखी १,७०० घातल्यासारखं. वरवर बघता एक्स्ट्रा फायद्याचं दिसतं. पण डिस्कवाला कन्सोल असेल तर खेळ संपवून ती डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या गेमिंगच्या दुकानात जुन्या डिस्कची देवघेव चालते, ऑनलाइन गटांतही चालते. अशा माणसाचा एका खेळामागचा खरा खर्च म्हणजे घेतलेली किंमत वजा विकलेली किंमत. वर्षाला दोन-तीन खेळ निवांत खेळणाऱ्याला हा मार्ग एक्स्ट्रापेक्षा परवडतो.

डिजिटल कन्सोलवाल्याला ही वाट बंद आहे. त्याने एक्स्ट्राचा विचार जरूर करावा, पण तोही तीन महिन्यांच्या पॅकचा (२०२३ च्या दराने १,९९९). कॅटलॉगमधले चार खेळ आधी कागदावर लिहा, सुट्टी बघून पॅक घ्या आणि ते संपवा. कॅटलॉगवर फार काळ विसंबू नका. जीटीए ५ डिसेंबर २०२३ मध्ये आला, जून २०२४ मध्ये गेला आणि नोव्हेंबरात परत आला. मधल्या काळात अर्ध्यावर असलेल्याने काय करायचं? सोनीचे स्वतःचे मोठे खेळही पहिल्या दिवशी इथे येत नाहीत. गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक नोव्हेंबर २०२२ चा, कॅटलॉगमध्ये आला जानेवारी २०२५ मध्ये. इतकं थांबायची तयारी असेल तर एक्स्ट्रा उत्तम आहे.

एक्सबॉक्स: आधीसारखं सरसकट "घेऊन टाका" म्हणता येत नाही

काही वर्षांपूर्वी कोणी विचारलं की मी डोळे मिटून गेम पास अल्टिमेट, म्हणजे एक्सबॉक्सच्या सबस्क्रिप्शनचा सगळ्यात वरचा प्रकार, सांगायचो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याकडे त्याचा महिन्याचा दर ८२९ वरून १,३८९ रुपये झाला. त्या दराने वर्षाचे १६,६६८. दोन वर्षांचे ३३,३३६, आणि एक्सबॉक्सचा छोटा कन्सोल सिरीज एस २०२० मध्ये आपल्याकडे आला तो ३४,९९० ला. दोन वर्षांच्या भाड्यात जवळजवळ अख्खा कन्सोल.

त्याच वेळी खालचे दोन प्रकारही ठरले: महिन्याला इसेन्शियल ४९९, प्रीमियम ६९९. इसेन्शियलमध्ये ऑनलाइन खेळणं आणि पन्नासेक खेळ. प्रीमियममध्ये दोनशेच्या वर खेळ, आणि मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे खेळ वर्षभराच्या आत, फक्त कॉल ऑफ ड्युटी सोडून. तो पहिल्या दिवशी हवा असेल तर तेव्हा अल्टिमेटच लागायचं. सिरीज एसला डिस्कची फट नाही, त्यामुळे तिथे जुन्या डिस्कचा पर्यायच उरत नाही, आणि म्हणून त्या कन्सोलवर प्रीमियम हा मला सगळ्यात शहाणा खर्च वाटतो. फक्त जागेचं भान ठेवा. ५१२ जीबीच्या सिरीज एसमध्ये वापरायला सुमारे ३६४ जीबी मिळतात. शंभर-शंभर जीबीचे तीन खेळ टाकले की दोनशे खेळांची यादी नुसती बघत बसावी लागते. नोव्हेंबर २०२५ पासून एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग भारतात सुरू झालं आहे, त्यामुळे जागेची अडचण थोडी हलकी होते, पण तुमचं नेट संध्याकाळी कसं चालतं ते तपासल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नका.

अल्टिमेट मी एकाच प्रकारे सुचवेन: तुम्हाला हवा तो मोठा खेळ आला की एक महिना घ्या, खेळ संपवा, बंद करा.

निंटेंडोचं थोडक्यात. कंपनी भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही, आपल्याकडचे स्विच (निंटेंडोचा कन्सोल) बहुतेक अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. अमेरिकेच्या खात्यावर सदस्यत्व वर्षाला १९.९९ डॉलर, कुटुंबाचं ३४.९९ डॉलर आणि त्यात आठ खाती. तिघांतही हे सगळ्यात स्वस्त. पण एकाच्या सदस्यत्वावर घरातला दुसरा इथे खेळू शकत नाही, म्हणून मुलं दोन असतील तर थेट कुटुंबाचं घ्या. न्यू जर्सीतला भाऊ, पुण्यातली बहीण आणि त्यांची मुलं मिळून एक गट करू शकतात, आणि मारिओ कार्ट या शर्यतीच्या खेळात आते-मामे भावंडांची गाठ पडते ती वेगळीच.

पैसे भरताना

रिझर्व्ह बँकेचा १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा नियम आपल्या बाजूचा आहे. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी बँकेने २४ तास अगोदर कळवायला हवं. ओटीपीशिवाय असे पैसे कापण्याची मर्यादा आधी ५,००० रुपयांची होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली, म्हणजे ६,६९९ चं वार्षिक एक्स्ट्राही आता ओटीपीशिवाय नव्याने सुरू होऊ शकतं. तो मेसेज इतर पन्नास मेसेजांत हरवतो. म्हणून पॅक घेतल्याच्या क्षणी ऑटो-रिन्यू (मुदत संपली की आपोआप नूतनीकरण) बंद करा. भरलेली मुदत संपेपर्यंत सगळं चालू राहतं, काही कमी होत नाही. मुलाच्या खात्यावर कार्ड ठेवायचंच नसेल तर स्टोअरच्या वॉलेटचा कोड विकत घेऊन तेवढीच रक्कम भरा.

बहिणीने दिवाळीला एक महिन्याचं घेतलं आणि त्याच संध्याकाळी ऑटो-रिन्यू बंद केलं. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की तीन महिन्यांचं घ्यायचं असं भाच्याशी ठरलंय. तोवर शनिवारी मित्र घरी येतात, दुसरा कंट्रोलर लावतात, आणि एफसी एकाच सोफ्यावर बसून चालतो.