तक्रार दाखल झाली असं समजून मी बारा आठवडे थांबले

स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या आणि कपाटांसाठी मी एका कंत्राटदाराला दोन हप्त्यांत १,८५,००० रुपये दिले होते. वॉटरप्रूफ प्लाय ठरला होता, त्याने साधा वापरला. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचे कप्पे फुगले, ट्रॉल्या अडकायला लागल्या. पुष्कळ फोन केले. शेवटी ९ ऑक्टोबर २०२३ ला त्याचा मेसेज आला, ‘यापुढे माझ्याकडून काही होणार नाही.’ ही तारीख लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच अडलं.

ग्राहक आयोगात वकिलाशिवाय तक्रार करता येते, हे मला माहीत होतं. घरातलं आजारपण आणि इतर व्याप यांत दीड-पावणेदोन वर्षं निघून गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मी मोबाइलवर ‘ई-दाखिल’ शोधलं. ते सरकारी पोर्टल २०२० साली सुरू झालं होतं, पण १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी ‘ई-जागृती’ आलं आहे. मला हे ठाऊक नव्हतं. सगळ्यात वर जी साइट आली ती मी उघडली. वर सिंहमुद्रेसारखं चिन्ह, खाली तराजू, ‘ग्राहक तक्रार नोंदणी’ असं ठळक अक्षरांत. नावाशेजारी बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही.

माहिती भरल्यावर दहा मिनिटांत फोन आला. माणूस शांत बोलत होता. ‘मॅडम, तुम्ही फक्त बिलं पाठवा, बाकी सगळं आम्ही करतो.’ १८ ऑगस्टला मी २,४९९ रुपये भरले. हे ‘न्यायालयीन शुल्क’ आहे असं त्याने सांगितलं. आता मला ठाऊक आहे की ज्या वस्तूसाठी किंवा सेवेसाठी आपण पाच लाखांपर्यंत रक्कम दिली, तिच्या तक्रारीला शुल्कच नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००, वीस ते पन्नास लाखांना १,०००. म्हणजे माझ्या तक्रारीला एक रुपयाही लागणार नव्हता.

चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पावती आली. शिक्का, क्रमांक, आणि ‘राज्य आयोगात दाखल’ अशी ओळ. ते वाचून मला उलट बरं वाटलं, राज्य आयोग म्हणजे मोठं ठिकाण. खरं तर राज्य आयोगाकडे मूळ तक्रारी जातात त्या पन्नास लाखांच्या वरच्या, दोन कोटींपर्यंतच्या. माझी तक्रार जिल्हा आयोगाचीच होती, आणि मी राहते त्या जिल्ह्यात ती करायची सोय २०१९ च्या कायद्यात आहे. कंत्राटदाराच्या गावाला जायचीही गरज नव्हती.

सोबत तक्रारीचा मसुदा होता, तो मी वरवर चाळला. नंतर नीट वाचला तेव्हा कळलं की त्यात प्लायचा उल्लेखच नव्हता, कंत्राटदाराचा पत्ता अर्धवट होता, आणि ‘सेवेतील त्रुटी’ हे शब्द सात वेळा आले होते. माझ्या घरात काय झालं ते त्या कागदात कुठेच नव्हतं. लॉगिन मागितलं तर म्हणाले, ‘ते आमच्याकडेच असतं, मॅडम.’

सप्टेंबरअखेर ‘नोटीस बजावणी’ म्हणून ३,६०० रुपये घेतले. दिवाळीनंतर तारीख लवकर लावून देतो म्हणून ६,५०० मागितले. तेव्हा मी माझ्या दिरांना सांगितलं. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. म्हणाले, ‘वहिनी, पैसे राहू द्या, आधी तो क्रमांक घेऊन आयोगात जाऊन या.’

१२ नोव्हेंबरला आम्ही जिल्हा आयोगाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी पावती पाहिली, संगणकावर दोनदा शोधलं आणि म्हणाल्या, ‘ताई, असा क्रमांक आमच्याकडे नाही, आणि राज्य आयोगातही अशा पद्धतीचा क्रमांक नसतो.’ मग त्यांनी कंत्राटदाराचा शेवटचा मेसेज कधीचा ते विचारलं. मी सांगितलं. त्या थोडं थांबून म्हणाल्या, ‘मुदत दोन वर्षांची असते.’ ९ ऑक्टोबर उलटून चौतीस दिवस झाले होते. मी पहिल्यांदा पैसे भरले तेव्हा हातात पन्नासहून जास्त दिवस होते.

गेलेल्या ६,०९९ रुपयांचं दुःख त्या क्षणी संपलं. १,८५,००० रुपयांवरचा हक्क हातून जातोय की काय, या भीतीने पाय लटपटले.

बाईंनीच पुढची वाट दाखवली. कायद्याच्या कलम ६९ मध्ये, पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे. त्यासाठी वेगळा विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्या दिवशी घरी येऊन मी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि तक्रार नोंदवली. ते पैसे अजून परत आलेले नाहीत, पण त्या नोंदीची प्रत माझ्या अर्जाला पुरावा म्हणून लागली.

मग भाचीला शेजारी बसवून ई-जागृतीवर माझ्या मोबाइल नंबरने, माझ्या नावाने खातं उघडलं. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे तीनदा पाहिलं. तक्रार मी स्वतः लिहिली. कुठल्या तारखेला किती पैसे दिले, काय ठरलं, काय बसवलं, कप्पे कधी फुगले, असं एकाखाली एक. साडेतीन पानं झाली. पहिल्यांदा एक त्रुटी निघाली, बिलाची प्रत पुसट होती. ती पुन्हा स्कॅन करून टाकली. शुल्क शून्य दाखवलं. अडलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे मला ऑगस्टमध्ये कुणी सांगितलं असतं तर!

सध्या विलंब माफीच्या अर्जावर कंत्राटदाराला नोटीस गेली आहे. त्या लोकांचे सगळे मेसेज, खोटी पावती आणि दोन्ही पेमेंटचे तपशील मी अर्जाला जोडले आहेत. पुढची तारीख १७ मार्च आहे, आणि मी स्वतः उभी राहणार आहे.