अली मोईनीचं 'माय पॅराडॉक्सिकल नाइव्ह्ज' : बघाच, आणि पूर्ण बघा

इराणच्या शिराजमधून आधी लिस्बन आणि मग फ्रान्सला गेलेला कोरिओग्राफर अली मोईनी, त्याचा हा एकट्याचा परफॉर्मन्स. मी रेकॉर्डिंगवर बघितला आणि अजून डोक्यातून जात नाहीये. अंगावरच्या कपड्यांना दोऱ्यांनी सुऱ्या लटकवलेल्या, आणि हा माणूस गिरक्या घेत सूफी कवी रूमीचं काव्य गातो. बाकी काही नाही.

पण नीट बघा काय होतं ते. आधी सुऱ्या नुसत्या लोंबत असतात, मग वेग वाढतो तशा दोऱ्या ताणतात, पाती वर उचलली जातात आणि त्याच्याभोवती असं चक्र तयार होतं की जवळ जायची कुणाची टाप नाही. बघणाऱ्याचा जीव मुठीत. आणि वेग उतरला की तीच पाती आत वळतात, त्याच्याच पायांकडे. म्हणजे जोरात फिरतोय तोवर लोकांना त्याची भीती आणि थांबायला लागला की धोका त्याला स्वतःला. परदेशात राहणाऱ्या माणसाबद्दल इतकं खरं मी क्वचितच बघितलंय, लोक त्याला बिचकून असतात आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र कायम टांगती तलवार.

त्यात रूमी निवडलाय हे मला फार आवडलं, कारण तोही घर सुटलेलाच. १२०७ साली जन्मला, लहानपणीच कुटुंबासोबत बाहेर पडला आणि फारसीत लिहीत लिहीत वारला कुठे, तर १२७३ साली तुर्कस्तानातल्या कोन्यात. आणि १९७९ च्या क्रांतीनंतर ज्या इराणमध्ये नॅशनल बॅले बंद झाला, स्टेजवरच्या नाचावर बंधनं आली, तिथला हा माणूस बाहेर येऊन नाचतो तेव्हा ती गिरकी नुसती गिरकी राहत नाही ना.

गिरक्या घेत तंद्री लावायचं सूफी नृत्य म्हणून बघायला बसाल तर निराश व्हाल, कारण इथे समाधी वगैरे नाही, पूर्ण शुद्धीत राहून केलेली कसरत आहे, एका क्षणाचंही दुर्लक्ष परवडणारं नाही. फारसी येत नसेल तर शब्द निसटतात, ते मला खटकलं, पण आवाजातली धाप कळायला भाषा लागत नाही.

दोन मिनिटांच्या क्लिपवर भागवू नका, त्यात फक्त सुऱ्या दिसतात, माणूस दिसत नाही. आणि आवडलं तर त्याचंच माणसाएवढ्या धातूच्या बाहुल्याला स्वतःला दोरांनी जोडून घेतलेलं नंतरचं काम पण शोधा, मी आता तेच बघायला घेतलंय.