दारातले फाटक: दोन मांजरे आणि एका पिल्लाच्या घरात पाच महिने वापरून

लहान मुलांनी जिन्याकडे किंवा स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून दाराच्या चौकटीत दाबून बसवायचे जे लोखंडी फाटक मिळते, ते आम्ही गेल्या जुलैत मुलासाठी नव्हे, तर मांजरांसाठी घेतले. कर्वेनगरातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षांचा तात्या हा बोका आणि चार वर्षांची कोयरी ही मांजरी आधीपासून नांदत होती. अशा घरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर पावसात सापडलेले कुत्र्याचे एक देशी पिल्लू येऊन पडले. डॉक्टरांनी दात पाहून त्याचे वय आठ-नऊ आठवडे असल्याचे सांगितले, आणि सासूबाईंनी त्याचे नाव खंड्या ठेवले.

मांजराचे पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना ज्या प्राण्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते पुढे सहज स्वीकारते. तात्याने त्या वयात कुत्रा पाहिलेलाच नव्हता. कोयरीने पाहिला होता, पण तो अंगावर धावून येणारा. अशा मांजरांपुढे पिल्लू उचलून नेऊन “हा बघ तुझा भाऊ” असे म्हणण्याने काहीही साधत नाही, कारण मांजराला समोरच्या प्राण्यापेक्षा त्याच्यापासूनचे अंतर कोणी ठरवायचे याची काळजी जास्त असते. दार पूर्ण बंद ठेवले तर एकमेकांची ओळखच होत नाही आणि पूर्ण उघडे ठेवले तर अंतर पिल्लू ठरवते. गजांचे फाटक या दोहोंच्या मधली सोय करून देते, एवढ्याच अपेक्षेने मी ते मागवले होते, आणि तेवढी अपेक्षा त्याने पूर्ण केली. जाहिरातीतले बाकीचे दावे मात्र एकेक करून तपासण्यासारखे आहेत.

आम्ही घेतलेल्या फाटकाची उंची ७६ सेंटिमीटर आहे, दोन गजांमधले अंतर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर आहे आणि ते ७५ ते ८२ सेंटिमीटर रुंदीच्या चौकटीत बसते. खालच्या बाजूला मांजरासाठी १८ सेंटिमीटर लांब-रुंद अशी चौकोनी खिडकी आहे, तिला स्वतःची छोटी झडप आणि खिटी आहे. किंमत ३,६५० रुपये पडली. आमच्या पॅसेजचे तोंड ८७ सेंटिमीटरचे निघाल्यामुळे सात सेंटिमीटरची जोडपट्टी ४५० रुपयांना वेगळी मागवावी लागली आणि ती यायला पाच दिवस गेले. चौकट वरून, मधून आणि खालून अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण आमच्याकडे वरच्या आणि खालच्या मापात जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक निघाला.

फाटक खोक्यातून काढून उभे केले, की ते वाकडे आले आहे असेच प्रथम वाटते. कडी आणि तिची खोबण यांच्यात चांगले बोटभर अंतर दिसते, आणि माल सदोष आहे असे समजून तो परत पाठवणाऱ्यांच्या तक्रारी विक्रीच्या पानावर ढिगाने वाचायला मिळतात. ते अंतर मुद्दाम ठेवलेले असते. चार कोपऱ्यांतले आटे असलेले दांडे फिरवत दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे ताणत नेले, की बाहेरची चौकट आत दाबली जाते, अंतर मिटते आणि कडी अलगद खोबणीत जाऊन बसते. ड्रिल लागत नाही, त्यामुळे भाड्याच्या घरातही अडचण नाही. मात्र ज्या भिंतीवर हा दाब येणार ती पक्की असली पाहिजे. जिप्समच्या पोकळ भिंतीवर हे फाटक टिकणार नाही. दांड्यांच्या टोकांना असलेल्या रबरी चकत्या आमच्या ऑइलपेंटला चिकटल्या आणि काढून पाहिल्या तेव्हा रंगाचे दोन पापुद्रे सोबत आले. पावसाळ्यात फुगलेली लाकडी चौकट दिवाळीनंतर आकसली तेव्हा फाटक हलू लागले, म्हणून महिन्यातून एकदा दांडे आवळण्याची सवय लावून घ्यावी लागली.

घरी आणल्या आणल्या पिल्लाची आणि मांजरांची गाठ फाटकापाशीही घालून देऊ नये. पहिले दहा दिवस आम्ही पॅसेजचे लाकडी दार बंदच ठेवले होते. रस्त्यावरच्या पिल्लाच्या पोटात जंत असतात, अंगावर गोचिडी आणि पिसवा असतात, आणि कुत्र्यांना होणाऱ्या पार्वो या विषाणुजन्य आजाराच्या काही प्रकारांची लागण मांजरांनाही होऊ शकते. त्यामुळे दोन्ही मांजरांच्या लशी वेळेवर झालेल्या आहेत ना, हे आम्ही आधी पाहून घेतले. येथे एक गोष्ट थोडी विषयाबाहेर जाऊन, पण ठासून सांगितली पाहिजे. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या गोचिडीच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजरासाठी जीवघेणे ठरू शकते. ज्या घरात मांजर कुत्र्याला अंग घासणार आहे किंवा चाटणार आहे, तेथे असे औषध आणूच नये आणि औषध देताना डॉक्टरांना घरात मांजर असल्याचे न विसरता सांगावे. या दहा दिवसांत आम्ही फक्त वासांची देवाणघेवाण केली. खंड्याच्या अंथरुणातला पंचा मांजरांच्या खोलीत ठेवला आणि मांजरांच्या गालांवरून फिरवलेले फडके खंड्याजवळ ठेवले. कोयरीने पंच्यावर फिस्कारण्यात दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या एका टोकावर झोपलेली आढळली.

अकराव्या दिवशी लाकडी दार उघडले आणि फाटकाची खरी परीक्षा सुरू झाली. तिचा निकाल पहिल्या मिनिटालाच वाईट लागला. मांजरासाठी ठेवलेल्या त्या खिडकीतून कोयरी जाण्याआधी खंड्याच पलीकडे पोहोचला. मांजरापुरत्या केलेल्या जागेतून तीन किलोचे पिल्लू जाणारच, हे खरे तर मलाच सुचायला हवे होते. पण उत्पादकाने खोक्यावर छापलेल्या चित्रात खिडकीतून मांजर जाते आहे आणि शेजारी शहाण्यासारखे बसलेले पिल्लू नुसते बघते आहे, तेव्हा हा दोष सगळा माझ्या पदरात घालून घ्यायला मी तयार नाही. खिडकी खिटी लावून बंद केली. कोयरी ७६ सेंटिमीटरची उडी सहज मारते, पण तात्याचे गुडघे आता ती मारू देत नाहीत, म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेक उंच स्टूल ठेवले. खंड्याला त्या स्टुलावर चढणे साडेतीन महिन्यांचा होईपर्यंत जमले नाही, आणि तेवढा अवधी पुरला.

पहिले चार दिवस फाटकाच्या खालच्या अर्ध्या भागावर जुनी चादर अडकवली होती. खंड्याला पट्टा लावून हॉलमध्ये कोणीतरी धरून बसायचे, आणि त्याच वेळी मांजरांची ताटली फाटकापासून सात-आठ फुटांवर ठेवायची. तात्या खाता खाता थांबून वर पाहू लागला, की ताटली फूटभर मागे न्यायची. निवांत खाल्ले, की दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे. चादर काढल्यावर ज्या खेळाची मला भीती होती तो सुरू झाला. खंड्या पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, शेपूट उंच हलवत “खेळायला ये” म्हणायचा. कुत्र्यांच्या भाषेत ते आर्जव असते, पण मांजराच्या डोळ्यांना तो झेप घेण्याचा पवित्रा दिसतो. कोयरीचे कान डोक्याला चिकटायचे, शेपटीचे टोक फरशीवर आपटू लागायचे आणि ती खोलीत पळायची. एरवी पळणारे मांजर दिसले की पिल्लू मागे धावते आणि ती सवय पुढे सहज मोडत नाही. येथे मागे धावायला वावच नव्हता. चार-पाच दिवसांत खंड्याला कळले, की वाकून काही मिळत नाही, आणि गजांपाशी बसून राहिले तर भाजलेल्या चिकनचा तुकडा मिळतो.

सतराव्या दिवशी दुपारी तो गजांना पाठ टेकवून झोपला होता. त्याची शेपूट गजांतून पॅसेजमध्ये गेली होती. कोयरी पोट जमिनीला घासत आली, तिने शेपटीचा वास घेतला, पंजा उचलला आणि नखे आत ठेवून त्या शेपटीवर दोनदा हलकेच मारले. खंड्याने झोपेतच शेपूट ओढून घेतली. कोयरी तेथेच, हातभर अंतरावर, अंग चाटत बसली. मांजर ज्याला भ्यायलेले असते त्याच्यासमोर सहसा निवांत अंग चाटत बसत नाही, त्यामुळे माझ्या लेखी फाटकाचे पैसे त्या दुपारी वसूल झाले. तात्याला तेथवर यायला आणखी पाच आठवडे लागले.

आता कडीविषयी. फाटक आपोआप बंद होते, असे जाहिरातीत म्हटले आहे. ते नव्वद अंशांच्या आत उघडले असेल तर खरोखर परत येते. त्यापलीकडे ढकलले, तर तसेच उघडे राहते. परत येते म्हणजे कडी बसतेच असेही नाही, कारण हलक्या हाताने सोडले तर ती खोबणीवर नुसती टेकून राहते. एका सकाळी असेच झाले. खंड्या आत शिरला, मांजरांचे खाणे संपवून बेडरूममधल्या लिटरच्या (म्हणजे मांजरांच्या शौचासाठी ठेवलेल्या मातीच्या) ट्रेपर्यंत पोहोचला आणि तेथले त्याने जे खाल्ले ते येथे लिहिण्यासारखे नाही. मांजरांच्या खाण्यात प्रथिने आणि चरबी जास्त असल्यामुळे पिल्लाचे पोट बिघडते ते बिघडलेच. पण ओले होताच घट्ट गोळा होणारी बेंटोनाइटची लिटर पोटात जास्त गेली, तर आतडे तुंबण्याची भीती असते, म्हणून त्याला तातडीने दवाखान्यात नेले. सुदैवाने निभावले. कंपनीच्या ग्राहकसेवेने माझ्या पत्राला “फाटक योग्य प्रकारे बंद करावे” असे एका ओळीचे उत्तर पाठवले. तेव्हापासून कडीचा ‘टक्’ आवाज ऐकल्याशिवाय तेथून हलायचे नाही, असा घरचा नियम आहे. लिटरचे तीनही ट्रे (मांजरे दोन असली, तर ट्रे एक जास्त असावा) पॅसेजच्या दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यांत हलवले आहेत.

दुसरी तक्रार खालच्या पट्टीची. फाटक उघडले तरी चौकटीची आडवी पट्टी जमिनीवर तशीच राहते, आणि ती उंबऱ्याइतकी दिसत नाही. रात्री पाणी प्यायला उठलेल्या सासूबाईंचा पाय तिला अडखळला. “अगं, उंबरा कळतो, हे भलतेच काहीतरी,” असे त्या म्हणाल्या, आणि ते अगदी बरोबर आहे. पट्टीवर पिवळी चिकटपट्टी लावली आणि पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा ठेवला. याच पट्टीमुळे असे फाटक जिन्याच्या वरच्या तोंडाशी लावू नये. शिवाय कडी उघडताना अंगठ्याने खटका मागे ओढून त्याच वेळी दार वर उचलावे लागते, आणि सांधे दुखणाऱ्या हातांना ते जड जाते.

याच सुमारास एका ओळखीच्या घराच्या सल्ल्यावरून भिंतीच्या प्लगमध्ये लावायचे फेरोमोनचे यंत्रही घेतले होते. मांजर गाल घासून वस्तूंवर जी खूण सोडते, तिची कृत्रिम नक्कल त्यातून खोलीत पसरते. ४८ मिलिलिटरची एक बाटली साधारण तीस दिवस पुरते. आमच्याकडे बाटली संपली त्या आठवड्यात मांजरांच्या वागण्यात बिघाडही झाला नाही की सुधारणाही, म्हणून दुसरी आणली नाही. पैसे मोजकेच असतील तर ते आधी फाटकावर आणि मांजरांना चढून बसायला एखाद्या उंच फळीवर खर्च करावेत, असे माझे मत आहे.

सुताराकडून प्लायवूडचे अर्धे दार करून घेण्याचा पर्याय आमच्यापुढे होता. आमच्या आजोळी स्वयंपाकघराला तसेच कमरेइतके फळीचे दार होते, आणि ते कोणत्याही फाटकापेक्षा मजबूत होते. पण फळीतून पलीकडचे दिसत नाही, आणि आम्हाला दिसणेच हवे होते. ज्यांचे पिल्लू मोठ्या जातीचे असेल, त्यांना हे ७६ सेंटिमीटरचे फाटक सहा महिन्यांत अपुरे पडेल. त्यांनी एक मीटरहून उंच असलेले आणि खिडकी असलेलेच घ्यावे. जोडपट्टी लागणार असेल तर ती पहिल्याच खरेदीत मागवावी.

पाचपैकी साडेतीन तारे देते. एक तारा खिडकीच्या चित्रासाठी कापला आहे आणि अर्धा त्या पट्टीसाठी. खंड्या आता अकरा किलोंचा आहे आणि खिडकीत त्याचे फक्त तोंड मावते, त्यामुळे ती खिडकी अखेर ज्यांच्यासाठी होती त्यांच्या कामाला आली आहे. दिवसा ती उघडीच असते. तात्या तरीही तिच्यातून न जाता स्टुलावर चढतो, फाटकाच्या वरच्या दांडीवर क्षणभर तोल सावरत उभा राहतो, खाली बसलेल्या खंड्याकडे पाहतो आणि मगच पलीकडच्या स्टुलावर उतरतो, म्हणून दोन्ही स्टुले अजून हलवलेली नाहीत.